सुरी झाकलेली, देव समोर : प्राचीन ग्रीक कलेत पूजाविधी कसे दिसतात

1934 साली ग्रीसमध्ये, कॉरिंथच्या पश्चिमेला पित्सा नावाच्या गावाजवळ, डोंगरातल्या एका गुहेत रंगवलेल्या लाकडी फळ्या सापडल्या. लाकडावरची इतकी जुनी ग्रीक चित्रं जवळजवळ उरलेलीच नाहीत. त्या हवेत लाकूड कुजून जातं. या फळ्या मात्र टिकल्या, आणि त्यांच्यावरचा निळा-तांबडा रंगही टिकला. त्यांतली सर्वांत शाबूत फळी सुमारे 15 सेंटीमीटर उंच आहे आणि साधारण इ.स.पू. 540 ते 530 या काळातली आहे.

तिच्यावर एक छोटी मिरवणूक आहे. उजव्या टोकाला बुटकी वेदी. वेदीपाशी डोक्यावर पूजेच्या साहित्याचं तबक घेतलेली बाई. तिच्यामागे मेंढरू घेऊन येणारा मुलगा, मग लायर हे तंतुवाद्य छेडणारा एक आणि जोडपावा वाजवणारा एक, आणि त्यांच्यामागे हातात डहाळ्या घेतलेल्या बायका. सगळ्यांच्या डोक्यावर पानाफुलांची वेटोळी. चित्राच्या मोकळ्या जागेत बायकांची नावं लिहिली आहेत. एव्थिदिका आणि युखोलिस ही दोन आजही वाचता येतात. ही फळी वनदेवतांना, म्हणजे निम्फांना वाहिलेली होती, असं त्यावरच लिहिलेलं आहे.

ग्रीक धर्म समजून घ्यायचा असेल तर मी कोणालाही आधी ही फळी दाखवीन, अथेन्सचं प्रसिद्ध देऊळ पार्थेनॉन नंतर. कारण ग्रीकांकडे सगळ्यांनी मानावा असा एक प्रमाणग्रंथ नव्हता. पूजा कशी करायची हे गावागणिक, देवळागणिक वेगळं होतं आणि ते बघून बघूनच शिकलं जायचं. होमर आणि हेसिअड हे कवी, नाटककार आणि शिलालेख यांतून बरंच कळतं, पण माणसं वेदीभोवती उभी कशी राहायची, कोणाच्या हातात काय असायचं, हे कळतं ते भांड्यांवरच्या चित्रांतून आणि दगडी उठावशिल्पांतून. फक्त ही चित्रं बघताना एक गोष्ट सतत मनात ठेवावी लागते. चित्रकार तिथे नोंद करायला बसलेला नव्हता. विधीतला कोणता क्षण दाखवायचा आणि कोणता गाळायचा हे त्याने ठरवलेलं आहे, आणि गाळलेला भाग दाखवलेल्या भागाइतकाच बोलका आहे.

आधी जागा ओळखायला शिकू. ग्रीक देऊळ हे देवाच्या मूर्तीचं घर होतं. मुख्य विधी व्हायचा बाहेर, उघड्या आकाशाखाली, वेदीवर. म्हणून भांड्यावरच्या चित्रात देऊळ बहुतेक वेळा नसतंच, किंवा असलं तर एका खांबापुरतं. वेदी दिसली की हे पवित्र आवार आहे असं समजायचं. पुष्कळदा वेदीच्या बाजूवर लाल ओघळ रंगवलेले असतात. ते आधीच्या बळींचं रक्त आहे आणि ते मुद्दाम ठेवलेलं असतं : या वेदीवर पूजा खंडित झालेली नाही, याची ती खूण. वरच्या रिकाम्या जागेत बैलाची कवटी टांगलेली दिसली तर तिचाही अर्थ तोच.

आता बळीचा विधी. मोठ्या सणाला ग्रीक लोक बैल, मेंढा, बोकड किंवा डुक्कर देवाला अर्पण करत. क्रम साधारण असा होता. मिरवणुकीने वेदीपाशी यायचं. हात धुवायचे, जनावरावर पाणी शिंपडायचं, जवाचे दाणे टाकायचे. प्रार्थना म्हणायची. मग गळा चिरायचा. त्या क्षणी बायका मोठ्याने किंकाळीसारखा पवित्र घोष करत. त्यानंतर मांड्यांची हाडं चरबीत गुंडाळून वेदीवर जाळायची, काळीज-यकृत शिगांवर भाजून तिथेच खायचं, आणि उरलेलं मांस शिजवून सगळ्यांना वाटायचं. देवांच्या वाट्याला हाडं आणि चरबीचा धूर, माणसांच्या वाट्याला मांस. असं का, याची कथा हेसिअडने सांगितली आहे : माणसांची बाजू घेणाऱ्या प्रोमिथिअसने देवांचा राजा झ्यूस याच्यापुढे दोन वाटे मांडले, हाडांवर चकचकीत चरबी पांघरली, आणि झ्यूसने तो वाटा उचलला.

या सगळ्या क्रमातले चित्रकारांनी काय काय निवडलं ते पाहा. मिरवणूक भरपूर. हात धुण्याचा, पाण्याचा प्रसंग भरपूर. भाजणं तर फारच आवडीचं : लाल आकृत्यांच्या भांड्यांवर लांब शिगा धरून वेदीच्या आगीशी उभी असलेली तरुण मुलं पुन्हापुन्हा भेटतात. वेदीवर कमानीसारखं वर वळलेलं काहीतरी दिसतं, ते जनावराचं शेपूट. आगीत शेपूट आकसून वर वळतं, आणि ते नीट वळलं तर शुभशकुन मानत. इ.स.पू. 421 मध्ये अथेन्समध्ये झालेल्या आरिस्तोफानेसच्या ‘शांती’ या नाटकात एक पात्र भर विधीत सांगतं की शेपटाचं काम छान चाललंय. प्रेक्षकांना त्याचा अर्थ सांगायची गरज नव्हती, आणि भांड्यांवर तेच चित्र बघणाऱ्यांनाही नव्हती.

पण गळा चिरण्याचा क्षण? तो जवळजवळ कुठेच नाही. डच अभ्यासक फोल्कर्ट फान स्ट्राटेन यांनी बळीच्या शेकडो प्रतिमा एकत्र करून तपासल्या, तेव्हा हे स्पष्ट झालं. नवसाच्या दगडी शिल्पांवर जनावर वेदीशेजारी जिवंत, शांत उभं असतं आणि चित्र तिथेच थांबतं. भांड्यांवर आधीचं दिसतं, नंतरचं दिसतं, मधलं नाही. सुरीसुद्धा सहसा दिसत नाही. ती तीन कड्यांच्या एका खास टोपलीत, जवाच्या दाण्यांखाली ठेवलेली असायची, आणि ती टोपली चित्रांत सारखी दिसते. म्हणजे सुरी तिथे आहे हे प्रत्येक बघणाऱ्याला माहीत होतं.

अपवाद आहेत, आणि ते डोळे उघडणारे आहेत. इटलीतल्या व्हिटेर्बोच्या एका कुंभावर काही माणसांनी अख्खा बैल उचलून धरला आहे आणि एकजण त्याचा गळा चिरतो आहे. ब्रिटिश म्युझियममधल्या एका कुंभावर, इ.स.पू. सहाव्या शतकातल्या, ट्रॉयची राजकन्या पोलिक्सेना हिला तीन योद्ध्यांनी आडवी धरली आहे आणि ग्रीक वीर अकिलिसच्या थडग्यावर तिचा बळी दिला जातो आहे. रक्त उसळताना दिसतं. जनावराच्या बाबतीत जे झाकलं जातं ते माणसाच्या बाबतीत उघडं दाखवलं आहे. माझं वाचन असं की इथे चित्रकाराला विधी दाखवायचाच नाही. विधीची मोडतोड दाखवायची आहे. पूजेची सगळी मांडणी तीच, फक्त जनावराच्या जागी मुलगी, आणि म्हणून ते पाहवत नाही.

तो क्षण गाळण्यामागे काय होतं यावर अभ्यासकांत मोठा वाद आहे. स्विस-जर्मन परंपरेतले वाल्टर बुर्कर्ट यांचं म्हणणं होतं की जीव घेण्याची अपराधभावना माणसाला छळते आणि सगळा विधी ती झाकण्यासाठी रचलेला आहे : पाणी शिंपडून जनावराला मान हलवायला लावायची, म्हणजे त्याने संमती दिली असं मानता येतं. पॅरिसमधल्या झां-पिएर व्हेर्नां आणि मार्सेल देतिएन यांनी भर दिला तो मेजवानीवर, मांसाच्या वाटपातून नागरिकांचा समाज कसा बांधला जातो यावर. नंतरच्या अभ्यासकांनी तर जनावराच्या ‘संमती’वरच शंका घेतली. चित्रांत जनावरांना दोरी बांधलेली असते, कधी ओढावंही लागतं. बैल आवरायला माणसं जोर लावताना दिसतात. मला हा शेवटचा आक्षेप वजनदार वाटतो. अपराधी माणूस रक्ताचे ओघळ वेदीवर इतक्या अभिमानाने रंगवून ठेवणार नाही. चित्रकाराला महत्त्वाची वाटली ती देण्याची कृती : आम्ही आलो, हे आणलं, देवा, बघ. मारणं हे त्यातलं एक काम होतं, भेट म्हणजे मिरवणूक आणि धूर.

देण्याचा सर्वांत साधा प्रकार म्हणजे द्रव ओतणं. मद्य, दूध, मध किंवा पाणी एका उथळ, मध्ये उंचवटा असलेल्या वाटीतून जमिनीवर किंवा वेदीवर ओतायचं. या वाटीला फिआले म्हणत. प्रवासाला निघताना, युद्धावर जाताना, जेवणाआधी, तह करताना, सगळ्या प्रसंगी हे चालायचं. भांड्यांवर चिलखत घातलेला तरुण उभा आहे, समोर बायको किंवा आई सुरईतून त्याच्या फिआलेत मद्य ओतते आहे, शेजारी म्हातारा बाप आहे, असं दृश्य किती तरी वेळा येतं. कोणी रडत नाही. तरी त्या घरात काय चाललंय ते समजतं.

आणि मग एक चमत्कारिक गोष्ट समोर येते : देवही तेच करताना दिसतात. डेल्फीच्या संग्रहालयात पांढऱ्या अस्तरावर रंगवलेला एक मद्याचा पेला आहे, सुमारे इ.स.पू. 480 ते 470 चा. आत अपोलो बसलेला आहे, डोक्यावर पानांचं वेटोळं, डाव्या हातात लायर, उजव्या हातातल्या फिआलेतून मद्याची लाल धार जमिनीवर पडते आहे. समोर एक काळा पक्षी बसून हे बघतो आहे. देव कोणाला अर्पण करतोय? झ्यूसला? स्वतःला? की पुरोहितासारखा भक्तांना वळण घालून देतोय? उत्तरं अनेक दिली गेली आहेत. मला सर्वांत पटणारं उत्तर असं की ग्रीकांच्या दृष्टीने पूजा ही फक्त माणसाने देवासाठी करायची गोष्ट नव्हती. पावित्र्य देवातूनच निघतं आणि विधी हे त्याचं वाहणं आहे, म्हणून देवाला हातात फिआले घेतलेलं दाखवणं चित्रकाराला अगदी योग्य वाटलं. अथेन्सच्या एरेक्थेइऑन या देवळाच्या ओवरीत छत तोलणाऱ्या ज्या दगडी मुली आहेत, त्यांचे हात आज तुटलेले आहेत. पण रोमन सम्राट हेड्रिअनच्या तिव्होलीच्या वाड्यातल्या प्रतिकृतींवरून कळतं की त्यांच्याही हातात फिआले होत्या.

हे देणं एकतर्फी नव्हतं हे सांगणारी एक चिमुकली वस्तू अमेरिकेत बॉस्टनच्या संग्रहालयात आहे. साधारण 20 सेंटीमीटर उंचीचा ब्राँझचा तरुण, इ.स.पू. सातव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्याच्या मांड्यांवर अक्षरं कोरली आहेत. मतितार्थ असा : मांतिक्लोसने आपल्या दशमांशातून मला रुपेरी धनुष्याच्या देवाला वाहिलं; फीबस (म्हणजे अपोलो), तू त्याला बदल्यात काही आवडेल असं दे. इथे मूर्तीच बोलते आणि देवाला थेट मागणी करते. आपल्याकडे डोळे बरे झाले की देवीला चांदीचे डोळे वाहतात, त्यामागचा व्यवहार ज्यांनी पाहिला आहे त्यांना मांतिक्लोस कळायला वेळ लागणार नाही. ग्रीसमध्येही आरोग्यदेव आस्क्लेपिअसच्या ठिकाणी मातीचे हात, पाय, कान, स्तन वाहिले जात. कॉरिंथच्या आवारात असे अवयव मोठ्या संख्येने सापडले आहेत.

नवसाच्या शिल्पांत एक फार सुंदर शिल्प आहे, अथेन्सच्या राष्ट्रीय पुराणवस्तू संग्रहालयातलं. अ‍ॅटिका (अथेन्सभोवतीचा प्रदेश) आणि शेजारचा बिओशिया यांच्या सीमेवर ओरोपोस इथे आम्फिआराओस या वीरदेवाचं आवार होतं. रुग्ण तिथे रात्री झोपत आणि स्वप्नात देव येऊन बरं करतो अशी श्रद्धा होती. इ.स.पू. चौथ्या शतकात आर्खिनोस नावाच्या माणसाने तिथे हे शिल्प वाहिलं. एकाच दगडात तीन गोष्टी आहेत. डावीकडे मोठा, दाढीवाला आम्फिआराओस एका तरुणाच्या खांद्यावर उपचार करतो आहे. मागे तोच तरुण पलंगावर झोपला आहे आणि एक साप त्याच्या त्याच खांद्याला तोंड लावतो आहे. उजवीकडे तो हात वर करून उभा आहे, बरा झालेला, आभार मानणारा. शिल्पाच्या वरच्या पट्टीवर दोन डोळे कोरले आहेत.

झोपलेल्या आर्खिनोसच्या शेजारी बसून कोणी पाहिलं असतं तर फार तर साप दिसला असता. देव फक्त स्वप्नात होता. शिल्पकाराने दोन्ही एकाच दगडावर, एकाच प्रकाशात मांडलं : बाहेरून दिसणारं आणि श्रद्धेने जाणवणारं. नवसाच्या शिल्पांत हे नेहमी होतं. एका बाजूला भक्तांचं कुटुंब, नवरा-बायको, पोरं, मागे डोक्यावर पेटी घेतलेली दासी, पुढे जनावर. दुसऱ्या बाजूला देव, जवळजवळ दीडपट-दुप्पट उंचीचा, वेदीच्या पलीकडे उभा. प्रत्यक्षात ते कुटुंब मूर्तीपुढे किंवा नुसत्या वेदीपुढे उभं होतं. दगडात मात्र देव स्वतः आला आहे.

देव आणि देवाची मूर्ती यांतला फरक ग्रीक कलाकारांना पक्का माहीत होता आणि ते तो दाखवतही. ट्रॉयच्या पाडावाच्या चित्रांत तिथली राजकन्या कसांड्रा अथेना देवीच्या मूर्तीला बिलगलेली असते. ती मूर्ती ताठ, पाय जुळवलेली, जुन्या घडणीची रंगवतात, म्हणजे ही लाकडाची आहे हे कळावं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या एका भांड्यावर, दक्षिण इटलीतल्या, सुमारे इ.स.पू. 360 ते 350 च्या, तर कमालच आहे. एक कारागीर वीर हेराक्लिसच्या संगमरवरी पुतळ्यावर तापवलेल्या मेणाचा रंग चढवतो आहे, त्याचा मदतनीस शेगडीवर सळया तापवतो आहे, आणि मागून खुद्द हेराक्लिस येऊन आपली मूर्ती कशी होतेय ते निरखतो आहे. ग्रीक पुतळे पांढरेफटक नव्हते, रंगवलेले होते, याचाही हा जिवंत पुरावा.

एवढं समजल्यावर पार्थेनॉनच्या शिल्पपट्टाकडे यावं. इ.स.पू. 447 ते 432 दरम्यान बांधलेल्या या देवळाच्या भिंतींना वरच्या बाजूने वेढणारा हा पट्ट सुमारे 160 मीटर लांब आणि एक मीटर उंच आहे. आज त्याचा मोठा भाग लंडनला आणि उरलेल्यातला बराचसा अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालयात आहे, आणि तो असा तुटून पडला आहे याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण ही एकच सलग मिरवणूक आहे. पश्चिमेला घोडेस्वार तयारी करत आहेत, दोन बाजूंनी दोन रांगा पूर्वेकडे निघतात : घोडेस्वार, रथ, वृद्ध पुरुष, वादक, पाण्याच्या कळशा खांद्यावर घेतलेले तरुण, मेंढ्या, गाई. त्यांतली एक गाय मान वर करून हंबरते आहे. पूर्वेला पायी चालणाऱ्या मुली, हातात सुरया आणि फिआले. मधोमध देव बसलेले, आणि त्यांच्या मध्ये एक पुरुष आणि एक मूल मोठं वस्त्र धरून घडी घालत आहेत किंवा उलगडत आहेत.

बहुतेक अभ्यासकांच्या मते हा पॅनअथेनाइआ हा सण आहे. दर चार वर्षांनी तो मोठा साजरा व्हायचा, उन्हाळ्यात, आणि अथेनाला नवं विणलेलं वस्त्र अर्पण व्हायचं. पण अडचणी आहेत. आपल्याला ग्रंथांतून माहीत असलेल्या कितीतरी गोष्टी इथे नाहीत. चाकांच्या नावेवर शिडासारखं वस्त्र टांगून आणत, ती नाव नाही. डोक्यावर टोपली घेतलेल्या मुली नाहीत. वेदी नाही. म्हणून 1996 मध्ये जोन ब्रेटन कॉनली यांनी वेगळी मांडणी केली : हा सण नव्हेच, ही पुराणकथा आहे, राजा एरेक्थेअसने शहर वाचवण्यासाठी मुलीचा बळी दिला, त्याची तयारी इथे चालली आहे. मला ती मांडणी पटत नाही. गाई-मेंढ्या आणि पाणी वाहणारी मुलं सणाच्या बाजूनेच बोलतात. पण तिने विचारलेला प्रश्न योग्य आहे. उत्तर मात्र पुन्हा निवडीचंच आहे. शिल्पकारांनी सणाचा एक दिवस टिपला नाही, सणातलं सर्वोत्तम ते वेचलं.

आणि देव कसे दाखवलेत ते बघा. बसलेल्या देवांची डोकी उभ्या माणसांच्या डोक्यांच्या बरोबरीने आहेत. देव उभे राहिले तर चौकटीत मावणार नाहीत, एवढे ते मोठे आहेत. ते गप्पा मारत, निवांत, पाहुण्यांसारखे बसले आहेत आणि त्यांची पाठ चक्क वस्त्राच्या प्रसंगाकडे आहे. ते येणाऱ्या मिरवणुकीकडे बघतात. अथेन्सचे नागरिक खाली उभे राहून मान वर करत, तेव्हा सावलीत, सुमारे 12 मीटर उंचीवर, आपलीच मिरवणूक देवांसमोर पोचलेली त्यांना दिसायची.

मरणाच्या विधींतही डोळ्यांना न दिसणारं दाखवण्याची हीच रीत आहे, आणि ती फार जुनी आहे. अथेन्सच्या डिपिलॉन स्मशानात एका स्त्रीच्या थडग्यावर सुमारे इ.स.पू. 750 मध्ये उभा केलेला दीड मीटरहून उंच कुंभ सर्वत्र भूमितीच्या नक्षीने भरलेला आहे. मध्ये एका चौकटीत ती स्त्री तिरडीवर आहे, भोवती दोन्ही हात डोक्यावर नेऊन आक्रोश करणारी माणसं. तिच्यावर घालायचं कापड चित्रकाराने वर उचलून छतासारखं पसरलं आहे. कापडाखाली झाकलेला देह दिसावा म्हणून.

तीनशे वर्षांनी पांढऱ्या अस्तराच्या उंच, निमुळत्या तेलाच्या भांड्यांवर, लेकिथॉसवर, तोच विचार हळुवार झाला. बाई रंगीत फितींनी भरलेली टोपली घेऊन थडग्याकडे आली आहे. थडग्याच्या पायऱ्यांवर तिने किंवा आधीच्या कोणी ठेवलेले लेकिथॉस दिसतात. आणि दगडापाशीच मेलेला तरुण बसला आहे किंवा उभा आहे. कधी दोघांची नजर भिडल्यासारखी वाटते, बहुतेक वेळा नाही. या भांड्यांचे रंग नाजूक होते, रोजच्या वापरात टिकणारे नव्हते. ती थडग्यासाठीच घडत. त्यांतल्या काहींच्या आत, मानेखाली, एक छोटी वाटी बसवलेली सापडली आहे, म्हणजे थोडंसं तेल घातलं की भांडं काठोकाठ भरल्यासारखं दिसे. काहीजण याला कंजूषपणा म्हणतात. मला तसं म्हणवत नाही. तेल महाग होतं, आणि घरच्यांना आपल्या माणसाला भरलेलं भांडंच द्यायचं होतं.

एका ठिकाणी मात्र ही सगळी दाखवण्याची हौस अडते. अथेन्सजवळच्या एल्युसिस इथे धान्याची देवी डिमीटर आणि तिची मुलगी पर्सेफोनी यांचे गुप्त विधी होत. दीक्षा घेतलेल्याने आत काय पाहिलं ते सांगायचं नाही, सांगितलं तर शिक्षा मृत्यूपर्यंत जाऊ शकत होती. इ.स.पू. 415 मध्ये अल्किबिआदिस या बड्या सेनापतीवर खासगी घरात त्या विधींची नक्कल केल्याचा आरोप आला आणि त्याचं सगळं राजकारण उलटंपालटं झालं. तरी एल्युसिसची चित्रं आहेत. 1895 मध्ये तिथेच सापडलेली मातीची एक पाटी निन्निऑन नावाच्या स्त्रीने दोन्ही देवींना वाहिली होती, साधारण इ.स.पू. 370 मध्ये. तिच्यावर भाविक हातात पेटत्या मशाली घेऊन चालले आहेत, एकीच्या डोक्यावर विधीचं खास भांडं आहे, समोर देवी बसल्या आहेत आणि पाहुण्यांचं स्वागत करत आहेत. वाटेत जे कोणालाही दिसत होतं ते सगळं निन्निऑनच्या पाटीवर आहे. दीक्षागृहाच्या दाराआतलं काहीही नाही. इ.स.पू. सहाव्या शतकापासून इ.स. चौथ्या शतकाच्या अखेरीस ते आवार बंद पडेपर्यंत हजारोंनी तिथे दीक्षा घेतली, त्यांत चित्रकार आणि शिल्पकारही असणारच, आणि आतला प्रसंग कोणीही रंगवला नाही.